ल्युपसची संप्राप्ती : प्रतिकारशक्ती वाढविण्यापूर्वी

“डॉक्टर, सूनबाईच्या अंगात ताकदच राहिली नाही बघा. काहीतरी प्रतिकारशक्तीचं द्या.”

2021 च्या पावसाळ्यात पणदऱ्याच्या आमच्या चिकित्सालयात एका सासूबाईंनी ही मागणी केली, तेव्हा तीत आम्हांस काहीच वावगे वाटले नाही. कोरोनाच्या दोन लाटा नुकत्याच ओसरल्या होत्या, आणि त्या काळात आपणा सर्वांकडे दिवसातून दहा वेळा हीच मागणी होत असे. सून सत्तावीस वर्षांची होती. पहाटे हाताची बोटे आखडत, दोन्ही मनगटांना सूज होती, केस मुठीने गळत होते आणि तोंड वारंवार येत होते. उसाच्या रानात खुरपणी करून आले की गालांवर व नाकाच्या दांड्यावर लाली उमटत असे. आम्ही आमवाताचे निदान करून पित्ताचा अनुबंध धरला. गालांवरच्या लालीला वांग समजलो. गुळवेल सत्त्व, सिंहनाद गुग्गुळ व अश्वगंधारिष्ट अशी योजना केली. पहिल्या महिन्यात वेदना किंचित कमी झाल्या, आणि आम्ही समाधान पावलो.

अडीच महिन्यांनी पावलांवर सूज आली. दिवसभर रानात उभे राहिल्याने ती आली असावी, अशी आमची समजूत झाली. लघवीला फेस येतो, ही गोष्ट सासूबाईंनी सहज बोलता बोलता सांगितली. आम्ही ती ऐकली, केसपेपरवर लिहिलीसुद्धा, परंतु मूत्रपरीक्षा लिहून दिली नाही. ती दिली तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस, चेहऱ्यावरही सूज आल्यावर. मूत्रात प्रथिने तीन अधिक, रक्तपेशी, रक्तदाब वाढलेला. पुण्यास पाठविले असता मूत्रपिंडाच्या तुकड्याच्या तपासणीत ल्युपस नेफ्रायटिस, चौथा वर्ग, असे निदान आले.

गुळवेलीमुळे तिचा आजार बळावला असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्यास एका रुग्णेचा दाखला पुरत नाही. मात्र तीन महिने आमच्या हातून गेले, आणि या व्याधीत मूत्रपिंडाच्या दृष्टीने तीन महिने थोडे नसतात. त्या प्रसंगानंतर आम्ही या रोगाच्या संप्राप्तीविषयी जे वाचले आणि ज्येष्ठांकडून जे समजून घेतले, ते वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधविक्रेत्या मित्रांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

भिगवणचे सर्वेक्षण आणि एक त्रैराशिक

संधिवाताच्या संशोधनात आपल्या भागाचे नाव जगाच्या नकाशावर आहे, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल. इंदापूर तालुक्यातील भिगवण, जेथे आपण उजनीच्या पाणपसाऱ्यावर रोहित पक्षी पाहावयास जातो, तेथे 1996 साली पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसच्या डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीचे सर्वेक्षण सुरू केले. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाचा तो भाग होता. 4092 प्रौढ व्यक्तींची पाहणी झाली व त्यांपैकी 746 जणांना, म्हणजे 18.2 टक्के लोकांना, सांध्यांची वा स्नायूंची वेदना आढळली. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले.

ल्युपसचे काय? भारतातील प्रमाणाचा जो आकडा बहुतेक ठिकाणी दिला जातो, तो डॉ. मालवीय व सहकाऱ्यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेला, दिल्लीजवळच्या ग्रामीण लोकसंख्येतील आहे : लाखामागे सुमारे 3.2. आता हे दोन आकडे शेजारी मांडून पाहावेत. लाखात अठरा हजार लोक दुखण्याची तक्रार करतात आणि त्यांत ल्युपसचे तीन. म्हणजे आपल्या दारी येणाऱ्या पाच-सहा हजार वेदनाग्रस्तांमागे एक. एक आकडा प्रौढांचा व दुसरा सर्व वयांचा असल्याने हे त्रैराशिक ओबडधोबड आहे. शिवाय तीस वर्षांपूर्वी, तपासण्यांची सोय नसताना, अनेक रुग्ण गणनेतून निसटले असणार, असे आमचे मत आहे. तरीही मुद्दा राहतोच. ग्रामीण वैद्याच्या उभ्या कारकिर्दीत असे मोजकेच रुग्ण येतात आणि ते आमवाताच्या, वांगाच्या, पांडूच्या, अशक्तपणाच्या गर्दीत मिसळून येतात. दुर्मीळ म्हणूनच तो चुकतो.

स्वतःच्याच केंद्रकावर चढाई

हा व्याधी नेमका घडतो कसा, याचा शोध 1948 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्हज व सहकाऱ्यांना अस्थिमज्जेत दिसलेल्या एका विलक्षण श्वेतपेशीपासून आधुनिक वळणावर आला. त्या पेशीने दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळलेले होते. पुढे 1957 च्या सुमारास निरनिराळ्या प्रयोगशाळांनी दाखविले, की या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्या डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे असतात. ज्या सैन्याने परक्या जंतूंशी लढावयाचे, ते स्वतःच्या पेशींच्या गाभ्यावर चालून जाते, एवढे तेव्हा कळले. मात्र केंद्रक तर पेशीच्या आत बंदिस्त असते, मग ते सैन्याच्या दृष्टीस पडते कसे, हा प्रश्न पुढची कित्येक वर्षे उरला.

त्याचे उत्तर मृत पेशींच्या विल्हेवाटीत सापडले. शरीरात रोज अब्जावधी पेशी नियत क्रमाने मरतात आणि भक्षक पेशी त्यांचे अवशेष गाजावाजा न करता उचलून नेतात. या कामी रक्तातील पूरक प्रथिने, त्यांतही सी-1-क्यू हे पहिले प्रथिन, खूण करणाऱ्याचे काम करते. ज्या फार थोड्या व्यक्तींत जन्मतःच सी-1-क्यू नसते, त्यांपैकी बहुतेकांना ल्युपस होतो. अवशेष उचलले गेले नाहीत की ते फुटतात आणि केंद्रकातील द्रव्ये उघड्यावर येतात. सूर्याचे अतिनील किरण त्वचेतील पेशी मारतात. म्हणजे उसाच्या रानातून परतलेल्या आमच्या रुग्णेच्या गालांवर त्या दिवशी अशा अवशेषांचा ढीगच पडत होता. 2004 मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. न्यूट्रोफिल नावाच्या श्वेतपेशी जंतूंना अडकविण्यासाठी स्वतःच्या डीएनएचे जाळे बाहेर फेकतात. ल्युपसच्या रुग्णांत ही जाळी वाजवीपेक्षा अधिक फेकली जातात व वेळेवर विरघळत नाहीत.

येथवरचा भाग आपल्या परिभाषेत मांडावयाचा मोह होतो. मलांचे शोधन न होणे, स्रोतोरोध, आमसंचय वगैरे. मोह अनावर असला तरी तो जरा आवरलेला बरा. साम्य दिसले म्हणजे ऐक्य सिद्ध होत नाही.

पुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा. उघडे पडलेले डीएनए आणि आरएनए, त्यांना चिकटलेली प्रतिपिंडे, असे संकुल प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रायटिक नावाच्या पेशी आत घेतात. या पेशींच्या पोटात टोल-लाइक रिसेप्टर क्रमांक सात व नऊ असे पहारेकरी असतात. विषाणूचे आरएनए-डीएनए ओळखावे, ही त्यांची नेमणूक. येथे ते स्वतःच्याच द्रव्याला विषाणू समजतात आणि इंटरफेरॉन-अल्फा हा इशारा मोठ्या प्रमाणात देऊ लागतात. 2003 मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी रुग्णांच्या रक्तपेशींत इंटरफेरॉनने जागी झालेली जनुके मोठ्या संख्येने दाखविली. संसर्ग नसताना शरीर विषाणूशी लढत असल्याचे ते चित्र होते. ही बाब अगदीच नवी नव्हती. कर्करोग अथवा यकृतशोथासाठी इंटरफेरॉनची इंजेक्शने दिलेल्या काही रुग्णांना ल्युपससदृश आजार झाल्याच्या नोंदी त्यापूर्वीच्या आहेत.

इंटरफेरॉनच्या इशाऱ्यावर बी पेशी जाग्या होतात, त्यांस टी पेशींचे साहाय्य मिळते, अधिक प्रतिपिंडे बनतात, अधिक संकुले होतात. ती मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात, पूरक प्रथिने तेथे खर्ची पडतात. म्हणून आजार भडकला की रक्तातील सी-3 व सी-4 बहुधा घटतात आणि डीएनएविरोधी प्रतिपिंडे वाढतात. मूत्रातील फेस हे या साखळीचे शेवटचे टोक, आणि सासूबाईंच्या नजरेस आलेले पहिले.

मुंबईत या विषयावर दीर्घकाळ काम झाले आहे. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीमध्ये डॉ. वंदना प्रधान, डॉ. कांजाक्ष घोष व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील ल्युपस रुग्णांची प्रतिपिंडे, सी-1-क्यूविरुद्धची प्रतिपिंडे आणि पूरक प्रथिने तपासली. 2014 च्या त्यांच्या निबंधात इंटरल्युकिन-6, टीएनएफ-अल्फा व इंटरल्युकिन-1-बीटा या दाहकारक संदेशद्रव्यांचा रोगलक्षणांशी संबंध पाहिला आहे. आपल्याच मातीतल्या रुग्णांचे रक्त त्यात असल्याने आम्हांस तो निबंध विशेष जवळचा वाटला.

स्त्रियाच का?

दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया, हे प्रमाण जुनेच ठाऊक होते. कारण अलीकडे उलगडू लागले आहे. टोल-लाइक रिसेप्टर सातचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असतात व त्यांपैकी एक बंद ठेवलेले असते, परंतु हे जनुक काही पेशींत त्या बंदीतून निसटते, असे 2018 मध्ये दाखविले गेले. म्हणजे पहारेकरी दुप्पट. 2022 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात स्पेनमधील एका मुलीची हकिकत प्रसिद्ध झाली. तिच्या या जनुकात एकाच अक्षराचा बदल होता, त्यायोगे रिसेप्टर अतिसंवेदनशील झाला होता आणि तिला बालवयातच ल्युपस जडला होता. तोच बदल उंदरांत घडविला असता त्यांनाही तसाच व्याधी झाला. एका जनुकातील एका बदलाने हा रोग होऊ शकतो, याचा इतका स्वच्छ पुरावा पूर्वी नव्हता. बहुसंख्य रुग्णांत मात्र असा एकच दोष नसतो. अनेक जनुके, ऊन, संसर्ग, संप्रेरके, काही औषधे यांची जुळणी व्हावी लागते. आपण त्याला हेतुसमुदाय म्हणतो, आणि येथे तो शब्द चपखल बसतो.

2024 मध्ये ‘नेचर’मध्येच आलेल्या दुसऱ्या निबंधाने आमचे कुतूहल फार चाळवले. इंटरफेरॉनच्या अतिरेकाने टी पेशींतील एएचआर नावाचा एक नियामक दबतो आणि बी पेशींना चिथावणाऱ्या टी पेशी वाढतात, असे शिकागो व बोस्टनच्या संशोधकांना आढळले. हा एएचआर वनस्पतिज द्रव्यांनीही जागा होतो. नीळ ज्या वनस्पतींपासून काढतात त्यांतील इंडिरुबिन हे त्यांपैकी एक. नीली आपल्या निघंटूंत आहे, नीलीभृंगादि तेल आपल्या कपाटात आहे. म्हणून उद्या नीलीचा काढा ल्युपसवर सुरू करावा काय? मुळीच नाही. चिनी वैद्यकातील निळीच्या चूर्णाने काही रुग्णांत फुप्फुसीय रक्तदाब वाढल्याच्या नोंदी जपानमधून आल्या आहेत. येथे संशोधनास वाव आहे, एवढेच म्हणावे आणि प्रयोगशाळेची वाट पाहावी.

या आकलनातून उपचारही बदलले. बी पेशींचे पोषण तोडणारे बेलिमुमॅब अमेरिकेत 2011 मध्ये, इंटरफेरॉनची वाट अडविणारे अनिफ्रोलुमॅब 2021 मध्ये संमत झाले. जर्मनीतील एर्लांगेन येथे रुग्णाच्याच टी पेशी प्रयोगशाळेत बदलून, त्यांच्याकरवी बी पेशी पुसून टाकण्याचा प्रयोग 2021 पासून गाजतो आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मालिकेत ल्युपसच्या आठ रुग्णांचा समावेश होता, आणि ते इतर औषधांवाचून स्थिर राहिले. मुंबईच्या आयआयटी व टाटा मेमोरियल यांच्या कामातून घडलेली अशाच जातीची देशी उपचारपद्धती ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात संमत झाली. ती रक्ताच्या कर्करोगासाठी आहे, ल्युपससाठी नव्हे. परंतु कल्याण-डोंबिवलीच्या पलीकडे ही विद्या कधी येणार नाही, असे आता म्हणवत नाही. 2025 चे वैद्यकातील नोबेल पारितोषिकही प्रतिकारसंस्थेला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशींच्या शोधाला मिळाले आहे. लगामाचे महत्त्व जगाने मान्य केले, असा त्याचा आमच्यापुरता अर्थ.

गुळवेलीचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो अप्रिय आहे.

गुडूचीच्या प्रतिकारशक्तिवर्धक गुणाविषयी आपण व्याख्यानांतून अभिमानाने जे दाखले देतो, ते बहुतांशी मुंबईचेच आहेत. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व सहकाऱ्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत गुडूचीवर मूलगामी काम केले. भक्षक पेशींची कार्यक्षमता वाढणे आणि अवरोधजन्य काविळीच्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेळी संसर्गापासून संरक्षण मिळणे, हे त्या कामातून पुढे आले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गुळवेलीतून जी-1-4-ए नावाची एक बहुशर्करा वेगळी काढण्यात आली. ती भक्षक पेशींना व बी पेशींना जागे करते, टोल-लाइक रिसेप्टर चारच्या वाटेने करते, हे तेथील शास्त्रज्ञांनी 2009 च्या निबंधात मांडले.

बी पेशींना जागे करते, हे शब्द आम्ही पूर्वी कौतुकाने वाचले होते. ल्युपसची संप्राप्ती समजल्यावर तेच शब्द पुन्हा वाचले, तेव्हा हात थबकला. ज्या रुग्णेच्या बी पेशी आधीच नको त्या दिशेने जाग्या आहेत, तिला हे द्रव्य द्यावे काय?

याचे थेट उत्तर देणारी चिकित्सालयीन चाचणी आम्हांस मिळाली नाही. उंदरांच्या पेशींवरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, आणि शुद्ध बहुशर्करा म्हणजे आपला काढा नव्हे, हेही खरे. गुडूची दाहशामक असल्याचे दाखविणारे प्रयोगही आहेत. परंतु कोरोनाकाळाने एक वेगळा पुरावा पुढे आणला. मुंबईत सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांची हकिकत डॉ. आभा नागराल व सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने जुलै 2021 मध्ये त्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात असू शकते, असे त्याचे म्हणणे होते. आक्षेपात तथ्य असू शकते, कारण कुंपणावरची वेल तोडून आणणाऱ्याला कोण विचारणार? परंतु 2022 मध्ये देशातील 13 केंद्रांतील 43 रुग्णांचा अभ्यास आला, आणि त्यांपैकी दोनतृतीयांशांत स्वयंप्रतिकाराच्या खुणा होत्या. सुप्त स्वयंप्रतिकार यकृतशोथ गुळवेलीने उघड होऊ शकतो, असे त्या लेखकांचे मत आहे. लक्षावधी लोकांनी त्या काळात गुळवेल घेतली आणि बहुसंख्यांना काही झाले नाही, ही गोष्टही नजरेआड करू नये. प्रश्न सर्वांचा नाही. ज्यांची प्रतिकारसंस्था आधीच स्वतःवर उलटलेली आहे, त्यांचा आहे.

म्हणून आमचा सध्याचा परिपाठ असा : निश्चित वा संशयित ल्युपस, स्वयंप्रतिकार यकृतशोथ, मूत्रपिंडात उतरलेला कोणताही असा व्याधी असेल, तर गुडूची, अश्वगंधा व ‘इम्युनिटी’च्या नावाखाली येणारे मिश्रयोग आम्ही देत नाही. चुकीचे ठरलो तर आनंदच होईल. एखाद्या संस्थेने योग्य चाचणी करून आम्हांस खोटे पाडावे.

गुग्गुळाविषयीही एक नोंद. डॉ. चोप्रांच्याच पुढाकाराने गुडघ्याच्या संधिवातावर झालेल्या 440 रुग्णांच्या चाचणीत सुंठ, गुळवेल, आवळा व गुग्गुळ किंवा सलई यांचे कल्प आधुनिक औषधांच्या तोडीचे ठरले. 2013 मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा आपण पेढे वाटले, आणि ते योग्यच होते. त्याच निबंधात काही रुग्णांत लक्षणे नसताना यकृताचे एसजीपीटी वाढल्याचेही लिहिले होते. ते वाक्य आपल्या व्याख्यानांत सहसा येत नाही.

रसकल्पांबद्दल थोडक्यात. पारद हा प्रतिकारसंस्थेस चिथावणारा धातू आहे, हे उंदरांवरील प्रयोगांत पूर्वीच दिसले होते. 2022 मध्ये दक्षिण भारतातील अभ्यासात नेल-1 प्रकारच्या मूत्रपिंडविकाराचा पारदयुक्त पारंपरिक औषधांशी संबंध मांडला गेला. शास्त्रोक्त शोधन-मारणाचा विषय येथे काढण्याची गरज नाही. मूत्रात प्रथिने जात असताना कोणत्याही प्रतीचा रसकल्प आम्ही टाळतो.

औषधविक्रेत्यांशी दोन शब्द

आपल्या भागात गाईंसाठी घास पिकतो, ज्याला लसूणघास किंवा मेथीघास म्हणतात. तीच अल्फाल्फा. दुकानांतील अल्फाल्फाची टॉनिके याच वनस्पतीची. हिच्या बियांत व अंकुरांत एल-कॅनाव्हनिन नावाचे अमिनो आम्ल असते. 1982 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात अल्फाल्फाचे अंकुर खाऊ घातलेल्या माकडांना ल्युपससदृश व्याधी झाल्याचे प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी अल्फाल्फाच्या गोळ्या घेणाऱ्या दोन रुग्णांचा शांत झालेला ल्युपस पुन्हा उसळल्याचे. भूक लागत नाही म्हणून टॉनिक मागणाऱ्या तरुण स्त्रीला तोंड येते का, उन्हाने चेहरा लाल होतो का, एवढे दोन प्रश्न काउंटरवरूनही विचारता येतात. गोरे करणाऱ्या बिननावाच्या क्रीमविषयीही हेच. त्यांत पारा वा स्टिरॉइड असण्याची शक्यता असते, आणि गालांवरची ल्युपसची लाली लपते ती त्यांच्याखालीच.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही गोळी म्हणजे ल्युपसच्या उपचाराचा कणा. ती पेशींच्या पोटातील आम्लता कमी करते, त्यामुळे वर सांगितलेले पहारेकरी सात व नऊ मंदावतात. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या प्रतिबंधासाठी तिची शिफारस झाली, लोकांनी ती साठविली, आणि ल्युपसच्या रुग्णांना ती मिळेनाशी झाली. आजही “ही तर मलेरियाची गोळी, कशाला खाता?” असे कोणीतरी म्हणते आणि रुग्ण ती सोडतो. असे म्हणणाऱ्यांत आपल्यापैकीही काही असतात, हे नाइलाजाने लिहावे लागते. ती गर्भारपणातही सहसा चालू ठेवतात. वर्षानुवर्षे घेणाऱ्याने डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करावी लागते, हे मात्र सांगावे. स्टिरॉइडची गोळी एकाएकी बंद करण्याचा सल्ला तर कोणीही देऊ नये. सांधे दुखतात म्हणून वेदनाशामके हातोहात देणे मूत्रपिंडाच्या रुग्णास घातक ठरते, आणि सल्फावर्गातील औषधांनी या रुग्णांत आजार उसळल्याचे अनुभव आहेत.

ग्रंथ आणि परीक्षानळी

ल्युपसला आयुर्वेदात काय म्हणावे, यावर आपल्या परिसंवादांत बराच वेळ जातो. कोणी वातरक्त म्हणते, कोणी विसर्प, कोणी आमवात. सुश्रुतांनी ओजाच्या तीन विकृतींपैकी व्यापत्तीची जी लक्षणे दिली आहेत, म्हणजे अंगाचा जडपणा व ताठरपणा, सूज, वर्ण पालटणे, ग्लानी, तंद्रा, ती वाचताना आमची रुग्णा डोळ्यांपुढे उभी राहते. ओज नुसते घटत नाही, ते बिघडतेही, ही कल्पना आम्हांस आजच्या प्रतिकारविज्ञानाच्या फार जवळची वाटते. ‘क्षय’ मानला तर बल्य द्यावेसे वाटते. ‘व्यापत्ती’ मानली तर आधी थांबावेसे वाटते. आमची चूक येथेच झाली होती. चरकाचार्यांनी त्रिशोथीय अध्यायात, प्रत्येक रोगास नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, दोष, अधिष्ठान व हेतू पाहून कर्म करावे, असा आशय सांगितला आहे. नाव न देण्याची मुभा त्यांनी दिली, परीक्षा न करण्याची दिली नाही.

म्हणून तरुण स्त्रीला सांधेदुखीबरोबर तोंड येणे, केस गळणे, उन्हाची लाली, दीर्घ ताप, वारंवार गर्भपात यांपैकी काही असेल, तर मूत्र त्याच दिवशी तपासावे. तपासणीची पट्टी नसेल तर परीक्षानळीत मूत्र तापवून ॲसेटिक आम्लाचे थेंब टाकण्याची, आपण पदवीच्या वर्गात शिकलेली रीत आहेच. रक्तदाब, रक्तपेशीगणन, क्रिएटिनिन आणि एएनए तपासणी पुढे. एएनए नकारार्थी असेल तर ल्युपसची शक्यता फार कमी होते, परंतु होकारार्थी म्हणजे ल्युपस नव्हे. एकास ऐंशी या पातळीवर ती निरोगी माणसांतही सुमारे 13 टक्क्यांत होकारार्थी येते. असा कागद हातात घेऊन भेदरलेली माणसेही आम्ही पाहिली आहेत.

निदान झाल्यावर वैद्याचे काम संपते असे नाही. उन्हाचे नियोजन, पथ्य, निद्रा, कोष्ठशुद्धी, स्टिरॉइडने वाढणारी भूक व साखर, मनाचा खचलेपणा, या सर्वांत आपला हात रुग्णास हवा असतो. तीव्र अवस्थेत पंचकर्म आम्ही करीत नाही. रक्तातील बिंबाणू घटलेले असताना रक्तमोक्षणाचा विचारही करू नये.

आमची ती रुग्णा पुण्याच्या तज्ज्ञांचे उपचार घेते आणि दर महिन्याला आमच्याकडे येते. तिच्या वहीत मूत्रातील प्रथिनांचे आकडे आम्ही स्वतः लिहितो. गेल्या वर्षभरात ते नाममात्र आहेत, स्टिरॉइडची मात्रा अगदी खाली आली आहे. तिच्या सासूबाई अजून बरोबर येतात. मागच्या खेपेस अल्फाल्फाची गोष्ट आम्ही त्यांना सांगितली, तेव्हा त्या बऱ्याच वेळ गप्प राहिल्या. मग विचारले, “मग डॉक्टर, हिनं गाईंना घास घातला तर चालतो का?”

घालावयास हरकत नाही, खाऊ नये म्हणजे झाले, असे आम्ही सांगितले. आणि कापणी दिवस वर यायच्या आत, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून करावी. “ती मीच करते,” सासूबाई म्हणाल्या, “हिला गोठ्यातलं बघू दे.” पुढची मूत्रपरीक्षा महिन्याच्या पहिल्या सोमवारी आहे.